आत येण्याआधी

१

डोमाजी आबाजी घरात शिरण्याआधी खाकरायचे.

अंजनगाव सुर्जीकडचं घर आणि शेतीचं वावर पुतण्यांच्या हवाली करून ते अमरावतीला मुलाकडे राहायला आले, तेव्हा सोबत एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि ही सवय घेऊन आले. बाहेरून फिरून आले की फाटकाच्या आतच, पोर्चमधल्या गाडीच्या पलीकडे, चपला काढायच्या. मग घराकडे पाठ करून उभं राहायचं आणि घशातून तो आवाज काढायचा. आधी लांब खरखर, मग तोंड मिटून एक ठाम 'हूं'. तो ऐकला की सून पौर्णिमा, म्हणजे आकांक्षाची आई, हातातलं काम टाकून ओढणी डोक्यावर घ्यायची आणि सासऱ्यांना म्हणायची, "या मामाजी." हे शब्द कानी पडेपर्यंत आबाजी वळत नसत. एकदा आईचा डोळा लागला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. दार उघडं असूनही आबाजी अख्खी दुपार पोर्चमध्ये तसेच राहिले.

आकांक्षाचे पप्पा, किशोर, त्यांना हसायचे. स्वतःच्याच घरात परवानगी कसली मागता, म्हणायचे. आबाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "खाकरल्याबिगर घरात कोन शिरते? चोर शिरते, नाई तं कुत्रं शिरते."

आकांक्षा नववीत होती. नव्या शाळेत ती फार बोलत नसे, कारण तोंडून 'का'ऐवजी एखादं 'काहून' निसटलं की बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत. जुईली त्यांतली बरी होती. तीच वर्गातल्या दोघींना घेऊन सायन्सच्या प्रोजेक्टसाठी घरी आली. हॉलमध्ये थर्माकोल कापणं चालू असताना पोर्चमध्ये ती लांब खरखर झाली. जुईलीचा हात थांबला.

"बाहेर कोणाला उलटी होतेय का गं?"

तिने ते काळजीने विचारलं, हेच वाईट होतं. चेष्टा केली असती तर आकांक्षाला सोसली असती.

"शेजारचे कोणीतरी असतील," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "या मामाजी," आणि आबाजी आत आले. मुलींना बघून त्यांनी कौतुकाने मान हलवली आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेले. तिघी खाली मान घालून थर्माकोल कापू लागल्या. एकीचे खांदे हलत होते.

संध्याकाळी आकांक्षा आबाजींजवळ गेली. पुढच्या रविवारी मैत्रिणी परत येणार होत्या. बोलायचं ते तिने मनात दहादा जुळवलं होतं, तरी तोंडातून तुकड्या-तुकड्यांनी आलं. इथे असं कोणी खाकरत नाही. तुम्ही सरळ आत येत जा.

"काहून वं माय?"

तिचे कान तापले. खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

"निदान कोणाला ऐकू जाईल असं नको, आबाजी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला रडता तरी आलं असतं.

"बरं," ते म्हणाले. "कोनाले आयकू नाई जानार."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत आवाज आला.

पप्पा एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायचे. रोज सकाळी गाडी सुरू करून ती जरा गरम होऊ द्यायची, तोवर डबा आणि चष्मा घ्यायचा, ही त्यांची रीत. गाडी जुनी, आधीच्या मालकाकडून घेतलेली, पण तिचं इंजिन एका लयीत चालायचं. त्या सकाळी लयीच्या मधोमध काहीतरी अडकलं. लांब खरखर आणि मागून बंद तोंडाचा एक हुंकार. मग इंजिन पुन्हा पूर्वीसारखं.

स्वयंपाकघरात आईने पोळी तव्यावर टाकून ओढणी डोक्यावर घेतली. "या माम..." म्हणत ती दारात आली आणि थांबली.

आबाजी हॉलमध्ये दिवाणावर बसून पेपर वाचत होते.

आईने ओढणी तशीच ठेवली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पोळी करपल्याचा वास सुटल्यावर आत पळाली. आकांक्षा वेणी घालत होती. तिने हे सगळं पाहिलं. आणखीही एक गोष्ट पाहिली. आबाजी पेपर नेहमी बोट ठेवून, पुटपुटत वाचायचे. आज त्यांचे ओठ हलत नव्हते.

"इंजिनचे टॅपेट वाजून राहिले," पप्पा बाहेरून म्हणाले. "घरीच पाहू."

३

पप्पांना गाडीतला आवाज म्हणजे शाळेतल्या प्रयोगासारखा वाटायचा. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, एकेक कारण खोडून काढायचं, मग जे उरेल ते खरं. आधी त्यांनी तेल बदललं. मग इंजिनचा पट्टा ढिला असेल म्हणून पट्टाच उतरवून, घडीभर तसंच इंजिन चालवून पाहिलं. आवाज आलाच. सायलेन्सरला कापड गुंडाळलं, चाकांशेजारचे नट आवळले. बडनेऱ्याच्या रस्त्याला गाडी नेली तर तिथे ती गुणी बाळासारखी चालली. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून, कान देऊन, आवाज नाहीच म्हणून सांगितलं. घरी आणून पोर्चमध्ये उभी केली की पुन्हा ती खरखर. लेआउटमधले शेजारी फाटकाशी थांबून सल्ले देऊ लागले. मास्तर, हिले काढा पाजा लागते, असं एकजण म्हणाला, तेव्हा पप्पाही हसले, पण कानशिलं लाल झाली. शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारात कारण सापडेना, हे त्यांना लागत होतं.

मग त्यांनी आकांक्षाला बोलावलं. तिचे कान चांगले, असं ते म्हणायचे. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक इंजिनच्या एकेका भागावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतला आवाज लोखंडातून सरळ कानात येतो. जिथे सगळ्यांत मोठा येईल, तिथे बिघाड. पप्पा आत बसून रेस देणार आणि ती ऐकणार.

पहिल्यांदा मूठ कानाला लावली तेव्हा तिला गंमत वाटली. इंजिनच्या पोटात एक अख्खा कारखाना होता. टिकटिक, घरघर, तेलाची पळापळ. सगळं नीट, आपापल्या जागी. मग तो आवाज आला, आणि तो पेचकसातून आला नाही. दुसऱ्या कानाने आला. उघड्या कानाने, गाडीच्या पलीकडून.

तिने पेचकस डावीकडे टेकवून पाहिला, उजवीकडे टेकवून पाहिला. इंजिनमध्ये तो कुठेच नव्हता.

"कुठून येतो?" पप्पांनी विचारलं.

"पलीकडून. फाटकाकडून."

"भिंतीवरून परत येत असेल," पप्पा म्हणाले. "प्रतिध्वनी. सातवीत शिकली ना तू?"

ती हो म्हणाली. शिकली होती. पण प्रतिध्वनी आवाजानंतर येतो, आवाजाऐवजी येत नाही. आणि या आवाजानंतर जे येत होतं ते तिला जास्त ओळखीचं होतं. एक थांबणं. बाईमाणसाला ओढणी सावरायला जेवढा वेळ लागतो, तेवढं थांबणं.

४

घरात आबाजी आता न खाकरता वावरत होते.

आकांक्षा टेबलाशी अभ्यास करत असे आणि मान वळवली की ते मागे उभे असत. किती वेळचे, कळायचं नाही. पावलांचा आवाज नाही, गुडघ्याची करकर नाही. आई भाजी चिरताना दचकून बोट कापून बसली, कारण ते स्वयंपाकघराच्या दारात होते.

"मामाजी कधी मागं येऊन उभे रायतात, पत्ताच लागत नाही वं," आई तिला हळूच म्हणाली. तिने ओढणी काढणंच सोडून दिलं होतं. दुपारी आडवी झाली तरी डोक्यावरून घेऊनच.

पप्पांना यात वावगं वाटलं नाही. बाबा सुधारले, शहराची हवा लागली, म्हणाले. आपणच तर म्हणत होतो.

चपलांचं मात्र आकांक्षाला कळत नव्हतं. आबाजी त्या आठवड्यात फाटकाबाहेर पडलेच नव्हते. त्यांच्या चपला पोर्चमध्ये गाडीच्या पलीकडे, नेहमीच्या जागी होत्या. पण त्या रोज नव्याने काढल्यासारख्या दिसायच्या. कधी एक पुढे एक मागे, कधी जोडीने. एका सकाळी त्यांच्या तळव्यांना काळी माती होती, वावरातली, चिकट. लेआउटमध्ये तसली माती कुठे नव्हती.

तिने आबाजींना विचारलं. ते दिवाणावर बसले होते.

"तुमच्या चपला तुम्ही हलवता का?"

"नाही बाळ," ते हसून म्हणाले. "मी कशाला हलवू? मी कुठे बाहेर जातो?"

ती मान डोलावून आत गेली आणि पलंगावर बसली, तेव्हा ते शब्द तिच्या ध्यानात आले. 'बाळ.' 'कशाला हलवू.' आबाजींनी तिला जन्मात बाळ म्हटलं नव्हतं. माय म्हणायचे, बाई म्हणायचे, लाडात आले तर 'म्हातारे' अशी हाक मारायचे. आणि त्या वाक्यात कुठेच आबाजी नव्हते. ते वाक्य पुस्तकातलं होतं. जसे आजोबा तिला मैत्रिणींपुढे हवे होते, अगदी तसे.

तिने स्वतःला समजावलं. म्हातारी माणसं बदलतात. टीव्ही बघून भाषा बदलते. पण त्याच वेळी बाहेर पप्पांनी गाडी सुरू केली, आणि इंजिनच्या आवाजाखाली ती खरखर झाली. दबलेली, तोंडावर दुपट्टा धरून काढल्यासारखी. आणि ती का फक्त इंजिन सुरू असतानाच होते, ते तिला एकदम उमगलं.

गाडी बिघडलीच नव्हती. बाहेर जो कोणी होता, तो इंजिन सुरू व्हायची वाट बघत होता. म्हणजे कोणाला ऐकू जाणार नाही.

५

रविवारी जुईली आणि त्या दोघी आल्या. आबाजी हॉलमध्येच होते. त्यांनी तिघींची नावं विचारली, प्रोजेक्ट काय आहे विचारलं, शाबास म्हटलं. स्वच्छ धोतर, स्वच्छ शब्द.

"किती गोड आहेत गं तुझे आजोबा," जुईली कुजबुजली. "मागच्या वेळी मला वेगळेच वाटले होते."

आकांक्षा हसली. हसताना तिला स्वतःचीच किळस आली.

बाहेर पप्पांनी गाडी सुरू केली होती. आज छडा लावायचाच, असा त्यांचा निर्धार होता. त्यांनी तिला हाक मारली. इंजिन ज्या रबरी पायांवर बसवलेलं असतं, ते खालून तपासायचे राहिले होते. तिने पुढच्या चाकाशी गुडघे टेकायचे, पेचकस खालून लावायचा. मैत्रिणी मौज बघायला पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे, दारात, आबाजी. ते कधी उठून आले हे कोणालाच कळलं नव्हतं.

आकांक्षा खाली वाकली. मूठ कानाला लावली. गाल जवळजवळ फरशीला टेकला. आणि गाडीखालून तिला पलीकडचं दिसलं.

फाटकाशी दोन टाचा होत्या.

भेगाळलेल्या, काळ्या मातीने भरलेल्या. वर धोतराचा मळका काठ. शेजारी काढून ठेवलेल्या चपला. टाचा घराकडे होत्या आणि बोटं फाटकाकडे. घराकडे पाठ करून कोणीतरी उभं होतं, आतल्या बाईमाणसाला सावरायला वेळ देत. उजव्या पायाची टाच जरा उचललेली होती. खूप वेळ उभं राहिल्यावर आबाजी ती तशीच उचलायचे.

खरखर झाली. मग 'हूं'. आणि मग इंजिनच्या घरघरीखालून, अगदी हळू, फक्त तिच्यापुरतं:

"येऊ काय वं माय?"

करायचं एवढंच होतं. एक शब्द. 'या'. पण इंजिन चालू होतं. तो शब्द गाडीच्या पलीकडे पोचायचा तर मोठ्याने म्हणावा लागणार होता, फरशीवर गाल टेकून, इतरांना रिकाम्या दिसणाऱ्या फाटकाकडे, तिघींच्या देखत. आणि आबाजी तर त्यांच्या मागे दारात उभे होते.

"काय गं, काय ऐकू आलं?" जुईलीने विचारलं. बाकीच्या दोघी आधीच हसू दाबत होत्या.

आकांक्षाने मान वळवून वर पाहिलं. दारातले आबाजी तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या डोक्यावरून फाटकाकडे बघत होते. चेहरा शांत होता. आपल्या जागेवर नीट बसलेला माणूस बाहेर उभ्या असलेल्याकडे बघतो, तसा.

"काय आहे, बाळ?" ते म्हणाले. "बोल की."

तिच्या जिभेवर तो शब्द आला होता. ओठांचा आकारही झाला होता. कान तापले, आणि मागच्या रविवारसारखंच तिच्या तोंडून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं.

"काही नाही. इंजिनचाच आवाज आहे."

तिने पुन्हा खाली पाहिलं. उचललेली टाच सावकाश जमिनीला टेकली. मग दोन्ही पाय चपलांत शिरले, आणि एक पाऊल, दुसरं पाऊल, गाडीच्या चाकामागे गेले. फाटक वाजलं नाही.

इंजिन चालू होतं. पप्पांनी थोडी रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. कान देऊन ऐकलं. एक टिकटिक, एक घरघर, सगळं आपापल्या जागी.

"गेला," पप्पा आनंदाने म्हणाले. "अक्कू, काय केलं तू? पेचकस लागला वाटते कुठं."

मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. ती उठली. गुडघ्यांना लागलेली धूळ तिने झटकली नाही.

६

गाडी आता झकास चालते. पप्पा तिला घेऊन अकोल्याला जाऊन आले, वाटेत कुठे साधं कुरकुरली नाही. लेआउटमध्ये ते सगळ्यांना सांगतात की बिघाड इंजिनच्या रबरी पायांत होता आणि पोरीने नेमका पकडला. आकांक्षा तेव्हा चपलेने जमीन उकरत उभी राहते.

पोर्चमध्ये चपला नाहीत. आईने आबाजींना विचारलं, तर ते म्हणाले, जुन्या झाल्या होत्या, मला काय करायच्या. आईने ओढणी कपाळापर्यंत ओढली. हल्ली ती त्यांच्या समोर उभीच राहत नाही.

शाळेतून आली की आकांक्षा फाटकाच्या आत थांबते. गाडीच्या पलीकडे त्या जागेवर बघते. काळी माती नाही, काही नाही. तिथे उभं राहून तो शब्द म्हणून टाकावा असं रोज तिच्या मनात येतं, आणि रोज समोरच्या गॅलरीत कोणी ना कोणी असतं. मग ती खाली मान घालून आत जाते.

काल जुईलीचा वाढदिवस होता. तिथून आल्यावर ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मुलींनी तिथे सांगितलं होतं, की तुझे आजोबा आम्हाला फार आवडतात. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. खिडकीतून फाटक दिसत होतं, गाडी दिसत होती. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोरची गॅलरी रिकामी होती.

तिने गजांना तोंड लावलं. आवाज फुटेना. तिने घसा साफ केला आणि आपण खाकरलो हे तिच्या ध्यानात आलं. मग ती म्हणाली, आधी पुटपुटत, मग नीट, फाटकापर्यंत जाईल असं.

"या. आबाजी, या ना."

बाहेर काही हललं नाही. ती वाट बघत राहिली.

मग तिच्या मानेमागे, केस हलतील इतक्या जवळून, कोणीतरी प्रेमाने म्हणालं,

"मी तर केव्हाच आत आलोय, बाळ."

दार लावलेलं होतं. तिने कोणालाही खाकरताना ऐकलं नव्हतं.